चातुर्मासाचा नेम आणि लहान संकल्पांची शिस्त

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा काळ चातुर्मास म्हणून ओळखला जातो. या काळात एखादा नेम धरण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघरी आहे. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतात, कोणी एकभुक्त राहतात, कोणी रोज दाराशी गोपद्मे काढतात, तर कोणी रोज पोथीचा एक अध्याय वाचतात. या प्रथेकडे केवळ धार्मिक आचार म्हणून पाहिले जाते. तथापि, सामान्य माणसाने स्वतःच्या वागणुकीत लहानसा पण टिकाऊ बदल कसा घडवून आणावा, याचे अनुभवाने सिद्ध झालेले एक शास्त्र या प्रथेत सामावलेले आहे. ते समजून घेणे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी या सर्वांना उपयुक्त ठरेल. संकल्प करणे त्यांच्याही नित्याचे असते, आणि संकल्प मोडणे हाही त्यांच्या परिचयाचा अनुभव असतो.

बार्शीची कथा

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे श्रीभगवंताचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. येथील भगवंताचे हेमाडपंती मंदिर अंबरीष राजाच्या कथेशी निगडित आहे. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची वारी करून परतणारे अनेक वारकरी भगवंताच्या दर्शनासाठी बार्शीस येतात. 'द्वादशी' या शब्दावरून 'बार्शी' हे नाव आले, असे स्थानिक परंपरा सांगते. व्युत्पत्तीचा निर्णय भाषापंडितांनी करावा. परंतु एकादशीचे व्रत आणि द्वादशीचे पारणे यांचा या गावाच्या श्रद्धेशी असलेला संबंध मात्र निःसंशय आहे.

अंबरीषाची कथा भागवत पुराणात आली आहे. राजाने वर्षभर एकादशीचे व्रत केले. अखेरच्या द्वादशीस तो पारणे सोडण्यास बसणार, तोच दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले. भोजनाचे निमंत्रण स्वीकारून ते स्नानासाठी नदीवर गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. इकडे द्वादशीची तिथी संपत आली. तिथी टळली तर व्रत भंगते. अतिथीच्या आधी जेवले तर धर्म मोडतो. अशा पेचात जाणत्यांनी राजास सल्ला दिला, की पाण्याचा घोट घ्यावा. तो घेतल्याने पारणेही होते आणि भोजन केल्याचा दोषही लागत नाही. राजाने पाणी प्राशन केले. दुर्वास कोपले, त्यांनी राजावर संकट आणले आणि देवाने आपल्या भक्ताचे रक्षण केले, हा कथेचा पुढचा भाग सर्वश्रुत आहे.

या कथेत नेम धरणाऱ्यासाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली ही, की व्रताला शेवट असतो आणि तो शेवट वेळेवर करणे हाही व्रताचाच भाग होय. दुसरी ही, की अडचणीच्या दिवशी व्रत पूर्णपणे सोडून देण्याऐवजी त्याचे सर्वांत लहान रूप पाळता येते. राजाला पंचपक्वान्ने मिळाली नाहीत, पण पाण्याच्या एका घोटाने त्याचे व्रत राखले. सामान्य माणसाचे संकल्प बहुधा येथेच फसतात. त्यांत शेवट ठरलेला नसतो आणि पाण्याचा घोटही ठरलेला नसतो.

नेमाची घडण

चातुर्मासातील नेम पाहिले असता त्यांची घडण जवळजवळ सारखी असल्याचे दिसून येते. नेम एकच असतो. तो मोजता येतो: अमुक खाणार नाही, अमुक अध्याय वाचीन, अमुक इतकी गोपद्मे काढीन. त्याला दिवसातील वेळ आणि जागा असते. त्याची मुदत आधीच ठरलेली असते. घरातील माणसांना तो ठाऊक असतो. म्हणजेच त्याला साक्षीदार असतात. आणि अखेरीस उद्यापन असते, ज्यात नेम पूर्ण झाल्याचे चारचौघांत सांगितले जाते.

लक्ष वातींचा नेम हे याचे उत्तम उदाहरण होय. एक लाख वाती हा आकडा ऐकूनच छाती दडपते. परंतु चार महिन्यांचे सुमारे 120 दिवस धरले, तर रोज सुमारे 834 वाती होतात. दुपारच्या निवांत वेळी कापूस घेऊन बसणाऱ्या स्त्रीला हे काम अवघड वाटत नाही, कारण तिच्यापुढे लाखाचा डोंगर नसतो. त्या दिवसापुरता कापूस असतो. मोठ्या कामाची दैनंदिन वाटणी करण्याचे हे गणित शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे.

चातुर्मासातील कहाण्यांतही सावधगिरीचा एक इशारा येतो. वसा मागणाऱ्यास तो लगेच दिला जात नाही. उत्साहाच्या भरात घेशील आणि पुढे गर्वाने टाकून देशील, अशी शंका आधी बोलून दाखवली जाते. घेण्यापूर्वी पेलेल किंवा नाही याचा विचार करावा, हा त्यातील बोध आहे.

ऋतूच्या आरंभाचे बळ

नव्या संकल्पासाठी ऋतूचा आरंभच का निवडला जातो, हा प्रश्न अभ्यासकांनीही विचारात घेतला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन व जेसन रिस या संशोधकांनी 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवडा, महिना, वर्ष किंवा शैक्षणिक सत्र यांच्या आरंभी लोक व्यायामशाळेत अधिक संख्येने जातात आणि स्वतःस सुधारण्याची खटपट अधिक करतात, असे त्यांना आढळले. कालगणनेतील असा टप्पा मागील चुका मागे टाकण्याची मुभा देतो, अशी त्याची उपपत्ती त्यांनी मांडली. गुढीपाडवा, दसरा किंवा दिवाळी पाडव्याला शुभारंभ करणाऱ्या समाजास ही गोष्ट नवी नाही.

पावसाळ्यास तर याबाबतीत विशेष स्थान आहे. जैन मुनी चातुर्मासात एका जागी मुक्काम करतात. बौद्ध परंपरेत आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि महाराष्ट्रातील अनेक विहारांत या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. मुस्लिम समाजातील रमजानचा महिना वेगवेगळ्या ऋतूंत येत असला, तरी ठराविक मुदतीची शिस्त हे तत्त्व तेथेही आहे. म्हणजेच मुदतीचा नेम ही कोणा एका धर्माची मिरास नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीनेही या काळास अर्थ आहे. बार्शीचा परिसर पर्जन्यछायेचा असून रब्बी ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. चातुर्मासाच्या पूर्वार्धात खरिपाची खुरपणी-कोळपणी असते, तर उत्तरार्धात, हस्ताच्या सुमारास, रब्बीची पेरणी होते. पाऊस पडताक्षणी शेतकरी पेरीत नाही. वाफसा येण्याची वाट पाहतो. आणि वाफसा आल्यावरही बियाणे शेतात ओतून देत नाही. चाड्यावर मूठ धरून बेताबेताने सोडतो. संकल्पाचेही असेच आहे. ऋतूचा आरंभ हा वाफसा होय. त्या वेळी उत्साहाची ओल असते. परंतु मूठ मोजकीच सोडावी लागते.

लहान पायरीचे महत्त्व

लहान व जवळचे ध्येय मोठ्या व दूरच्या ध्येयापेक्षा अधिक परिणामकारक का ठरते, याचा शिक्षकांना उपयोगी पडेल असा एक प्रयोग अल्बर्ट बंडुरा व डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केला. वजाबाकीत मागे पडलेल्या आणि गणिताची नावड असलेल्या मुलांना त्यांनी स्वाध्यायाची 42 पाने दिली. एका गटास प्रत्येक तासिकेत निदान सहा पाने करावीत असे सुचवले. दुसऱ्या गटास सात तासिकांच्या अखेरीस सर्व 42 पाने पूर्ण करावीत असे सांगितले. काम तेवढेच आणि वेळही तेवढाच होता. तरीही सहा पानांचे ध्येय असलेल्या मुलांची प्रगती अधिक झाली, त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि गणिताविषयी गोडी निर्माण झाली. रोज काहीतरी पुरे केल्याचे समाधान त्यांना मिळत होते. दुसऱ्या गटाला ते समाधान शेवटच्या दिवसापर्यंत मिळणे शक्य नव्हते.

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातही याचे उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. या संस्थेच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंडाची पद्धत वापरली गेली. गृहिणी घरातील धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवीत आणि साठलेले धान्य वसतिगृहास मिळे. पोतेभर धान्य मागितले असते, तर गरीब घरांना ते देणे शक्य झाले नसते. एक मूठ मात्र गरिबातील गरीब घरही देऊ शकत होते. मूठ लहान होती, पण ती ठराविक होती आणि स्वयंपाकघरातील रोजच्या कामाशी जोडलेली होती. बार्शीतही कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी खेड्यांतील मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडली. असे कार्य हळूहळू, वर्षानुवर्षांच्या सातत्यातूनच उभे राहते.

सवय अंगवळणी पडण्यास किती दिवस लागतात, याचाही अभ्यास झाला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांना रोज ठराविक प्रसंगी करावयाची एखादी लहान कृती निवडण्यास सांगितले. उदाहरणार्थ, जेवणाबरोबर फळ खाणे किंवा न्याहारीनंतर चालणे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ती कृती आपोआप होऊ लागण्यास लागणाऱ्या काळाचा मध्यक 66 दिवस होता. काहींना 18 दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत हा काळ 254 दिवसांपर्यंत जाईल असा अंदाज निघाला. आठ-पंधरा दिवसांत सवय जडली नाही म्हणून निराश होणे किती चुकीचे आहे, हे यावरून स्पष्ट होईल. चातुर्मासाचे सुमारे 120 दिवस पुष्कळांच्या बाबतीत पुरेसे ठरावेत.

खंड पडल्यास काय करावे

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. एखाद्या दिवशी खंड पडला, तरी सवय जडण्याच्या क्रियेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. नुकसान होते ते खंडाने नव्हे, तर 'आता मोडलेच आहे' असे म्हणून सर्वच सोडून दिल्याने. म्हणूनच नेम धरतेवेळीच त्याचा पाण्याचा घोट ठरवून ठेवावा. रोज दहा पाने वाचण्याचा नेम असेल, तर अडचणीच्या दिवशी एक परिच्छेद वाचावा. रोज अर्धा तास चालण्याचा नेम असेल, तर मुसळधार पावसाच्या दिवशी ओसरीवर पाच मिनिटे चालावे. मात्र ही सवलत आधी ठरलेली असावी. ऐन वेळी मन जी सवलत मागते, ती बहुधा आळसाची असते.

एका दिवसाचा संकल्प

काही संकल्प रोजचे नसतात. एकदाच करावयाची, परंतु 'सुगी झाल्यावर पाहू' म्हणत वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाणारी कामेही असतात. आरोग्य तपासणी हे त्यांतील सर्वांत गंभीर काम होय. या बाबतीत बार्शीचा अनुभव देशाला मार्गदर्शक ठरला आहे.

बार्शी येथे 1987 मध्ये भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्यासह शेजारच्या परांडा व भूम तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. तिचे कार्यकर्ते केवळ रुग्णांची नोंद करून थांबले नाहीत. गावोगाव जाऊन त्यांनी आजाराची लक्षणे समजावून सांगितली आणि तपासणीस येण्याचा आग्रह धरला. परिणामी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारासाठी येऊ लागले.

पुढे 1999 मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा सहभाग होता. 30 ते 59 वर्षे वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश होता. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटास एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी देऊ करण्यात आली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, अशी तपासणी न मिळालेल्या गटाच्या तुलनेत, सुमारे निम्मे होते.

या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. आयुष्यातील एक सकाळ तपासणीसाठी दिल्याने, आणि दोष आढळल्यास उपचार पुरे केल्याने, अनेक घरांतील आई वाचू शकते. चार महिन्यांत एकदा तपासणी करून घेईन, हा नेम कोणत्याही उपवासाइतकाच पुण्यप्रद मानावयास हरकत नाही. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या कार्यक्रमात 30 वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची तरतूद आहे. तारीख ठरवून सोबतीने जाणे एवढेच काम उरते. 'लवकरच जाईन' या शब्दांत संकल्प नसतो. 'बुधवारी सकाळी जाऊबाईंबरोबर जाईन' या शब्दांत तो असतो. केव्हा, कोठे आणि कसे हे आधी ठरवलेला बेत अधिक प्रमाणात तडीस जातो, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनीही आपल्या संशोधनातून दाखवून दिले आहे.

शाळा व ग्रामपंचायत यांचे कार्य

शाळेचे पहिले सत्र जूनच्या मध्यास सुरू होते आणि दिवाळीच्या सुमारास संपते. म्हणजे चातुर्मासाचा बहुतेक काळ याच सत्रात येतो. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्यास एक लहान नेम निवडण्यास सांगावा. 'खूप अभ्यास करीन' हा नेम नव्हे. 'संध्याकाळी दिवेलागणीनंतर पाच गणिते सोडवीन' किंवा 'रोज पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचीन' हा नेम होय. वर्गाच्या भिंतीवर तक्ता लावून प्रत्येकाने स्वतःची खूण स्वतः करावी. तक्त्याचा उपयोग मुलांची तुलना करण्यासाठी होऊ नये. ज्याचा नेम लहान, तोही पूर्ण झाला तर पूर्णच मानावा. आणि शिक्षकांनी स्वतःचा नेमही त्याच तक्त्यावर लिहावा. मुले उपदेशापेक्षा आचरण अधिक बारकाईने पाहतात.

ग्रामपंचायतींसाठीही हा काळ सोयीचा आहे. अनेक गावांत 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. या दोन्ही तारखा चातुर्मासात येतात. ज्यांची इच्छा असेल त्यांनी पहिल्या सभेत आपला नेम सांगावा आणि दुसऱ्या सभेत त्याचा आढावा द्यावा. तंबाखूची एक पुडी कमी करणे, घरातील ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे, आठवड्याला ठराविक रक्कम बचत गटात भरणे, असे नेम कोणालाही पेलण्यासारखे आहेत. पंचायत सदस्याने 'गावाचा कायापालट करीन' असे म्हणण्याऐवजी 'दर सोमवारी एका वस्तीवर जाऊन नळाच्या तक्रारी लिहून घेईन' असे म्हटले, तर चार महिन्यांत सोळा-सतरा फेऱ्या होतील आणि त्यांचा हिशेब गावास पाहता येईल.

येथे अधिकाऱ्यांनी एक विवेक पाळणे अगत्याचे आहे. नेम आणि उद्दिष्ट यांत फरक आहे. उद्दिष्ट वरून येते, नेम आतून येतो. गावातील इतक्या टक्के लोकांनी नेम धरावा, असे परिपत्रक काढल्यास कागदावर शंभर टक्के पूर्तता होईल आणि प्रत्यक्षात नेम कोणाचाच राहणार नाही. वैयक्तिक संकल्प हा सार्वजनिक सोयींचा पर्यायही नव्हे. स्त्रीने तपासणीचा नेम धरला आणि ठरल्या दिवशी आरोग्य केंद्रास कुलूप आढळले, तर मोडलेला नेम तिचा नसून यंत्रणेचा असतो. मुलाने वाचनाचा नेम धरला आणि शाळेच्या ग्रंथालयाचे कपाट बंद राहिले, तर तेथेही तोच न्याय लागू होतो. म्हणून अधिकाऱ्यांचा सर्वांत उपयुक्त नेम बहुधा हाच ठरेल, की ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, आपले दार उघडे ठेवावे.

उद्यापन

कार्तिकी एकादशीस नेमाचा हिशेब करावा. जे साधले ते चारचौघांत सांगावे. जे साधले नाही त्याचे कारण शोधावे. बहुतेक वेळा नेम मोठा होता, की त्याला वेळ ठरलेली नव्हती, की साक्षीदार नव्हता, हे तीन प्रश्न विचारले असता उत्तर सापडते. साधलेला नेम पुढे चालू ठेवावा की नवा धरावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्या सुमारास बार्शीच्या शिवारात रब्बी ज्वारीची हिरवी रोपे डोलत असतात. ती पेरणीच्या दिवशी चाड्यावर धरलेल्या मुठीतूनच आलेली असतात.